त्यांच्या सदऱ्यांची वाकळ

नावाआधी सौभाग्यवती लिहावे की श्रीमती, हे ठरवता न आल्यामुळे पत्राखाली नुसतीच ‘सोलापूरची एक वाचक’ अशी सही करणाऱ्या ताईंना सप्रेम नमस्कार.

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्यातील मजकूर थोडक्यात सांगते. ताईंचे वय ५८. त्यांचे यजमान शहराच्या पूर्व भागातील एका चादरीच्या कारखान्यात तीस वर्षे जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. गेल्या श्रावणात हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले. मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू पुण्याला असतात. दिवाळीनंतर ताईंनी ट्रंक उघडली, यजमानांचे जुने सदरे आणि लेंगे बाहेर काढले आणि स्वतःच्या विटलेल्या साड्यांबरोबर त्यांची वाकळ शिवायला घेतली. त्यावर वन्संनी, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहिणीने, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, ते देऊन टाकावेत, असे सुनावले. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, जावेसे वाटते असे ताई बोलल्या, तेव्हा वर्षाच्या आत बाईने यात्रेला जाऊ नये, असेही त्यांना ऐकावे लागले. मुलगा घर विकून पुण्याला चला म्हणतो. ताई विचारतात, की मला शिवण्यात बरे वाटते, बाहेर पडावेसे वाटते, नातवाचा आवाज ऐकला की हसू येते, तर मी त्यांना इतक्या लवकर विसरायला निघाले आहे का?

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘टाके घालताना अर्धा तास त्यांची आठवणच आली नाही आणि ते लक्षात आल्यावर माझी मलाच लाज वाटली.’ ताई, या अर्ध्या तासाची लाज वाटून घेऊ नका. दुःखाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली, जी आज जगभरचे समुपदेशक आधाराला घेतात. जवळचे माणूस गेलेली व्यक्ती कधी दुःखाकडे तोंड करते, तर कधी त्याच्याकडे पाठ फिरवून रोजच्या जगण्याच्या, नव्याने शिकण्याच्या कामांकडे वळते, आणि ही ये-जा चालू राहणे हीच सावरण्याची रीत आहे, असे त्यांचे म्हणणे. जो अखंड दुःखातच राहतो आणि जो दुःखाकडे कधी वळतच नाही, त्या दोघांचीही ही ये-जा कुठेतरी अडलेली असू शकते. तुमची अडलेली नाही. अर्धा तास तुम्ही पलीकडे गेलात आणि परत आलात, उद्या पुन्हा जाल.

ही ये-जा शिवणकामात इतकी सहज का घडते, याचा मी स्वतःच्या घरापुरता पुष्कळ विचार केला आहे, कारण माझी आई गेल्यानंतर माझ्या मावशीला मी असेच सुई हातात घेऊन बसलेली पाहिले. धावदोऱ्याच्या टाक्यात अवघड काही नसते, पण तो बेसावधपणेही घालता येत नाही. पुढचा टाका कुठे पडावा, दोरा किती ओढावा, कापड गोळा तर होत नाही ना, एवढेच प्रश्न मनापुढे राहतात आणि प्रत्येकाचे उत्तर लगेच मिळते. तुमच्यापुढे सध्या असलेल्या इतर कोणत्याही प्रश्नाचे उत्तर इतक्या लवकर मिळणार नाही. शिवाय तीस वर्षे पाळीच्या वेळेप्रमाणे उठून ज्या हातांनी डबा भरला, त्या हातांचे काम श्रावणात एका दिवसात थांबले. मन रिकामे झाले हे सगळ्यांना दिसते, हात रिकामे झाले हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तुम्ही ट्रंक उघडलीत ती बहुधा त्या हातांसाठीच.

म्हणून शिवत राहा, मात्र बेताने. तुम्ही लिहिले आहे की एकदा बसलात की दुपारचे जेवण राहून जाते आणि उठताना गुडघे धरतात. मोठी वाकळ जमिनीवर पसरून, तिच्यावरच बसून, कडेकडेने आत सरकत शिवायची, ही आपली जुनी पद्धत तरुण गुडघ्यांना मानवणारी आहे. तुम्ही सगळे एकदम अंथरू नका. दोन-अडीच फुटांचे चौकोन वेगवेगळे शिवा. प्रत्येकाला वर सदऱ्याचे कापड, मध्ये जुन्या साडीचे दोन थर आणि खाली लेंग्याचे अस्तर ठेवा, आधी लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवा आणि मग खुर्चीत बसून, मांडीवर घेऊन धावदोरा घाला. चौकोन पुरेसे झाले की ते जोडून घ्यायचे आणि जोडावर पट्टी लावायची. सुती सदरे जितके जुने तितके बरे, कारण वापरून धुऊन मऊ झालेल्या सुतातून सुई सरळ जाते. टेरिकॉटचे सदरे मात्र वगळा, त्यांत सुई अडते आणि बोटे दुखून येतात. बोटाला अंगुस्तान घाला. दिवसाउजेडी, खिडकीपाशी बसा, आणि घड्याळ बघून तासाभराने उठा. आधी जेवण आणि मग सुई, हा क्रम एवढ्यात मोडू नका. रात्री झोप येत नाही म्हणून दिव्याखाली शिवत बसण्याची तुमची सवय मला चिंतेची वाटते, कारण त्यातून झोप अधिकच दुरावते. रात्रीसाठी जपमाळ, रेडिओ किंवा नुसते पडून राहणे बरे.

ट्रंकेच्या तळाशी सापडलेल्या बाराबंदीविषयी, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्याविषयी, तुम्ही विचारले आहे. यजमान कितीतरी वर्षे यात्रेतील नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मिरवणुकीने नेल्या जाणाऱ्या उंच काठ्यांबरोबर, चालत असत आणि त्यासाठी ही पांढरी बाराबंदी घालत असत, असे तुम्ही लिहिता. तिला कात्री लावू नका. सदरे हे रोजच्या अंगाचे कपडे होते, ते वाकळीत शोभतील. बाराबंदी सिद्धेश्वराच्या सेवेची आहे आणि ती ज्याच्या अंगाला पुढे कधीतरी बसेल असा नातू तुमच्या घरात आहे. धुऊन, सावलीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ती ठेवून द्या. ती कोणाची, हे त्याला अजून नीट माहीत नसेल तर सांगा.

आता वन्संविषयी. त्यांचे शब्द तुम्हाला लागले आणि ते लागण्यासारखेच होते. पण ताई, तुमचे यजमान गेले तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ गेला. गावातले लोक भेटायला आले ते तुम्हाला आणि मुलाला. सत्तरीच्या घरातील, भावाला कडेवर घेऊन वाढवणाऱ्या थोरल्या बहिणीजवळ कोणी दोन मिनिटे बसले असेल का, याची मला शंका आहे. तुमच्या हातात त्याचे सदरे दिसले की त्यांना ते पाहवत नसेल, आणि पाहवत नाही असे म्हणता येत नाही म्हणून त्या रीतीवर बोट ठेवत असतील. गेलेल्याचे कपडे दान करण्याची रीत घरोघरी आहे आणि ती वाईटही नाही. चांगल्या स्थितीतले चार-दोन जोड तुम्ही गरजूंना द्या, आणि ते वन्संच्या हातून द्या. उरलेल्यांतील एखादा सदरा त्यांच्यापुढे ठेवून विचारा, हा त्यांनी कधी घेतला होता आठवते का तुम्हाला? त्या काय सांगतील ते तुम्हालाही ठाऊक नसेल. एक चौकोन त्यांच्यासाठी वेगळा शिवून द्यावासा वाटला तर जरूर द्या. त्यानंतरही त्या बोलत राहिल्या, तर मात्र आपले काम शांतपणे चालू ठेवा. प्रत्येक बोलण्याला उत्तर देण्याइतकी ताकद तुमच्याकडे सध्या नाही आणि ती तिथे खर्च होऊ नये.

गड्ड्याच्या बाबतीत मी इतकी मवाळ राहणार नाही. तुम्ही जरूर जा. सिद्धरामेश्वरांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, बाराव्या शतकात या गावात लोकांच्या श्रमातून तळे उभे केले, आणि त्या तळ्याचे पाणी भरताना कोणाच्या कपाळाकडे पाहिले जात होते असे मला वाटत नाही. तेरा जानेवारीला सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या वाटेने निघतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यापाशी सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात. अक्षता म्हणजे लग्न आणि लग्नात विधवेने जाऊ नये, हा वन्संचा मुद्दा आहे. विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवण्याविषयी परिपत्रक काढले. एका खेड्याने उघडपणे ठरवले ते सोलापूरसारख्या शहरातील घरात ठरवायला अवघड जाऊ नये. मनाला जे पटते ते करा. फक्त अक्षतांच्या दिवशीच्या तुडुंब गर्दीत एकट्या जाऊ नका. पांढऱ्या बाराबंदीतली ती रांग दिसली की त्यात एक माणूस नसल्याचे एकदम जाणवेल, आणि त्या क्षणी हात धरणारे कोणीतरी शेजारी असावे. तेही झेपणार नाही असे वाटले तर तेराला सकाळी तुमच्या घराजवळून नंदीध्वज जातात तिथे, रस्त्याच्या कडेला उभ्या राहून दर्शन घ्या आणि परत या.

प्रवासाविषयी तुमच्या मुलाने सुचवलेली बारा दिवसांची काशी-प्रयाग सहल मात्र मी सध्या घेऊ नका म्हणेन. अनोळखी माणसांबरोबर, दुसऱ्याच्या वेळापत्रकावर, रडू आले तर बसायलाही जागा नाही, असा प्रवास पहिल्या वर्षात माणसाला थकवतो. सकाळी गेले आणि संध्याकाळी घरी आले, एवढ्या अंतराच्या जागांनी सोलापूरला वेढलेले आहे. तुळजापूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीसच्या आत-बाहेर, पंढरपूर पाऊणशेच्या आसपास. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत महिलांना राज्याच्या हद्दीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे पैशांसाठी मुलाकडे बोलावे लागेल ही तुमची अडचणही इथे फारशी उरत नाही. पंढरपूरला एकादशी टाळून, मधल्या एखाद्या साध्या दिवशी जा. रांगेत तासन्‌तास उभे राहणे होत नसेल तर मुखदर्शन घ्या, नामदेव पायरीशी टेका आणि चंद्रभागेच्या वाळवंटात थोडा वेळ बसून राहा. तिथे डोळे पुसणाऱ्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही.

माझ्या मनात मात्र तुमच्यासाठी सगळ्यांत आधी येते ते हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथले ते जुने देवालय तुम्ही पाहिले नसेल तर मुलगा गावी येईल तेव्हा त्याला बरोबर घेऊन जा. तिथे अनेक मुखे कोरलेले एकच भले मोठे शिवलिंग आहे. शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधला मराठी शिलालेखही तिथे आहे, आणि हे वाचणारा विजयी होईल अशा अर्थाचे शब्द त्याच्या शेवटी आहेत. हजार वर्षांपूर्वी दगडावर छिन्नी चालवणाऱ्या कोणा माणसाला न पाहिलेल्या वाचकासाठी इतके चांगले मागावेसे वाटले, हे मला दर वेळी हलवून जाते. संगमावर आवाज फारसा नसतो. आईला आणि मुलाला जे बैठकीच्या खोलीत एकमेकांशी बोलता आलेले नाही, ते अशा ठिकाणी नदीकडे पाहत बोलता येते.

एक गोष्ट प्रवासाला निघण्याआधी ठरवून ठेवा, कारण ती कोणी सांगत नाही. प्रवासातला सर्वांत जड क्षण परतीचा असतो. कुलूप काढून आत शिरायचे, दिवा लावायचा, आणि ‘आलात का, गर्दी होती का’ असे विचारणारे कोणी नसायचे. त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंना चहाला बोलावून ठेवा, किंवा घरी पोहोचताच नातवाला फोन करायचा असे आधीच ठरवा. पाहिलेले सांगितले नाही तर ते मनात साचून राहते.

मुलाच्या प्रश्नाकडे मी मुद्दाम शेवटी येते आहे. घर विकण्याचा निर्णय वर्षश्राद्धापर्यंत कोणीही घेऊ नये, तुम्ही नाही आणि त्यानेही नाही. त्याचा आग्रह खोटा आहे असे मुळीच नाही. वडील दवाखान्यात पोहोचू शकले नाहीत तेव्हा तो अडीचशे किलोमीटर लांब होता, आणि आता आईला त्याच अंतरावर ठेवायची भीती त्याला वाटते, हे त्याच्या प्रत्येक फोनमधून दिसते. ‘मला येता आले नाही’ हे वाक्य तो अजून तुमच्यासमोर बोललेला नाही. ते त्याला बोलू द्या. बोलला तर ‘जाऊ दे रे’ म्हणून लगेच झाकू नका, पूर्ण ऐकून घ्या. त्यानंतर त्याला एक मधला मार्ग सुचवा: महिन्या-दोन महिन्यांनी पंधरा दिवस तुम्ही पुण्याला जाल, परतीचे तिकीट आधीच काढून. हुतात्मा एक्सप्रेसने गेलात तर दिवसाचा खोळंबाही होत नाही. इथल्या दोन शेजारणींकडे घराची किल्ली राहील आणि रोज सकाळी आठला तुमचा फोन जाईल. त्याची भीती समजुतीच्या शब्दांनी कमी होणार नाही, अशा ठरलेल्या वेळांनी होईल.

पुण्याला जाताना वाकळीचे दोन चौकोन पिशवीत घेऊन जा. सुईत दोरा ओवायला आता चष्मा लावूनही वेळ लागतो, असे तुम्ही लिहिले आहे. ते काम नातवाला द्या. आजीला दोरा ओवून देणे हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाचे पहिले मानाचे काम असते, आणि त्या निमित्ताने तो शेजारी बसेल. हा निळ्या रेघांचा सदरा आजोबा कधी घालायचे, असे तो आपण होऊन विचारील. घरात सगळे जण आजोबांचे नाव टाळतात ते त्याच्यासमोर रडू नये म्हणून, पण मुलांना त्या टाळण्याचीच अधिक भीती वाटते. तुम्ही सांगा. सांगताना आवाज भरून आला तरी चालेल. चादरीवरचे मोर आणि फुले यंत्रमागावर कशी उठतात, नक्षी विणणाऱ्या जेकार्ड यंत्राला पत्ते कसे लावतात, हेही तुम्हाला यजमानांकडून ऐकून ठाऊक असणार. नातवाला ते सांगणारे घरात आता तुमच्याशिवाय कोणी नाही. शेंगांची चटणी कुटून नेता तशीच ही माहितीही सोलापूरहून घेऊन जा.

एवढे सगळे करूनही काही वेळा पुरत नाही, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. अन्न नकोसे होऊन वजन उतरू लागले, आठवडेच्या आठवडे झोप लागली नाही, घराबाहेर पडणे किंवा सुई हातात घेणेही नको झाले, किंवा त्यांच्यामागे आपणही जावे असा विचार मनात येऊ लागला, तर उशीर न करता डॉक्टरांकडे जा. केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक मुलालाही द्या, त्यालाही लागू शकतो. सहा महिने, वर्ष उलटूनही दुःखाची धार पहिल्या दिवसाइतकीच राहिली आणि रोजचे जगणे अडून राहिले, तर त्यावर उपचार आहेत, हे वैद्यकशास्त्राने आता स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. एका सदऱ्याच्या खिशात कारखान्यातल्या सुताचे चार-पाच रंगीत तुकडे निघाले, मागाजवळ काम करता करता त्यांनी खिशात टाकलेले, आणि ते फेकवतही नाहीत, ठेवावे कुठे तेही कळत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. त्या सदऱ्याचा खिसा उसवू नका. सदऱ्याचे ते कापड खिशासकट कापून वाकळीच्या मधल्या चौकोनावर घ्या, सुताचे तुकडे पुन्हा त्यातच ठेवा आणि खिशाचे तोंड वरून बारीक टाक्यांनी शिवून टाका. दोरा नातवाकडून ओवून घ्या.